भिवरीच्या घळीतली कळशी

जवळ सरका समदी, आन् ऐका. मधी खोकायचं न्हाई.

चैताची पुनव. धारूबाईच्या डोंगराला चहूकडनं वणवे लागल्याले. आपली रीत ठावं हाय ना? खालच्या झऱ्याची कळशी खांद्यावर घ्यायची, रातोरात डोंगर चढायचा. ज्याची कळशी पयली पोचंल, त्याच्या पाण्यानं देवीची आंघूळ. दुसऱ्याच्या पाण्यानं काय? पायऱ्या धुत्यात!

तीन सालं नवाजी पयला, आन् आपला बगाजी दुसरा. बगाजीच्या पोटात नुसता जाळ! नवाजीची म्हस व्याली तरी ह्याला ताप भरायचा, आता बोला!

त्या राती नवाजी मोठ्या वाटंनं म्होरं गेला. बगाजीनं खांद्यावर घोंगडं टाकलं, त्यावर कळशी घेतली आन् वळला भिवरीच्या घळीकडं. जवळची वाट! बायको वरडली, "आवं, तिकडं नगा! भिवरीला कुणी पयलं गेल्यालं बघवत न्हाई!"

भिवरी कोण? जुन्या काळची बाई. तिची बी कळशी दरसाल दुसरी. हट्टानं त्या घळीत शिरली आन् वणव्यात जळाली. कळशी तेवढी घावली.

पर बगाजी ऐकतोय व्हय!

घळीत शिरला. चांदणं, वाळल्यालं गवत, चिटपाखरू न्हाई. तेवढ्यात म्होरं एक बाई. डोईवर कळशी. म्हनली, "चल बगाजीदादा, नवाजी अजून खालीच हाय." ह्याला केवढं गोड वाटलं! अरं, बाई कुठली, कोण, एवढं तरी इचारावं!

जरा म्होरं गेला. "बघ, नवाजी वर निघाला!" वर बत्ती हालताना दिसली. ह्यो धावला. बत्ती परत म्होरं. परत धावला. गवताच्या मधोमध आला, आन् बत्ती पसरली की! बत्ती कसली, वणवाच त्यो! वरनं, बाजूनं, तडतड तडतड!

तेवढ्यात वरनं, डोंगराच्या धारंवरनं खराखुरा नवाजी वरडला, "बगाज्या! कळशी अंगावर वत आन् काळ्या रानात पळ! जळाल्यालं परत जळत न्हाई!"

मरण समोर उभं, आन् ह्याच्या मनात काय यावं? म्हनला, बघा, माजी कळशी रिकामी करायला टपलाय!

बाई कानाशी आली. "वतू नगंस. वतलीस की दुसरा. माज्याकडं ये." कानाला चटका बसला म्हणून ह्यानं वळून बघितलं. तिच्या कळशीत पाणी न्हाई, निखारे! आन् तोंडाचा कोळसा!

मग वतली बाबा, भडाभडा! वलं घोंगडं डोईवर घेतलं, जाळातनं उडी मारली, काळ्या रानात जाऊन पडला. भुवया गेल्या, जीव ऱ्हायला. मागनं भिवरी किंचाळली, "आता जलमभर दुसराच!"

नवाजीनं हाताला धरून वर नेलं. रिकामी कळशी बघितली, आपलं अर्धं पाणी तीत वतलं. दोघांच्या पाण्यानं देवी न्हाली. गाव म्हनलं, "नवाजीचं मन केवढं मोठं!"

बगाजीला झोप कुठली! बायकोला म्हनतो, "बघितलंस? मोठ्या मनाचा मान बी त्यानंच खाल्ला!"

तवा सांगतो, त्या घळीच्या वाटंला जाऊ नगा. आन् बगाजी तिकडं निघाल्याला दिसला तर अडवा त्याला. भिवरी अजून हाका मारती, आन् त्यो अजून थांबून ऐकतो.