लिनबाई काय म्हणाली

— घाबरलीय म्हणे! सिल्व्हियाबाई, तो मोबाइल आधी पर्समध्ये टाका. तुमच्या हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सांनी हा व्हिडिओ बघून हळहळ केली ना? करणारच. त्या गोऱ्या पत्रकारानं मान तिरकी करून, आवाज खाली आणून सांगितलं की चिनी बाई सरकारच्या धाकात आहे — मग विषय खलास. अहो, त्या लिनबाईच्या पडद्यांच्या दुकानात मी आठ वर्षं काढली, इथे बहारीनमध्येच, अरादच्या पुढच्या चिनी बाजारात. ती आणि घाबरणार? कस्टमच्या माणसाला उन्हात उभं ठेवून भांडायची ती!

तो आला कॅमेरा घेऊन, घामानं निथळत, आणि प्रश्न काय — तुला लोकशाही नको का? दुभाष्या मी, चिनी मला कामापुरती येते. ती म्हणाली, सरकार लोकांची कामं करतं, तीच लोकशाही, दुसरी कसली असते? मग म्हणाली, पण आमच्या तालुक्याचा साहेब चोर — रस्त्याच्या नावाखाली बापाचं शेत गिळलं त्यानं, बाप नऊ दिवस कचेरीच्या पायरीवर बसला, वर अर्ज केला, वरून माणूस आला, अर्धं शेत परत मिळालं. उरलेल्या अर्ध्यासाठी अजून शिव्या घालते. वरचे बरे, खालचे हरामखोर, आणि काही गोष्टी तिकडे चारचौघांत बोलत नाहीत — हेही तिनंच सांगितलं, हसत. यात न कळण्यासारखं काय आहे? आमच्या मंडणगडात लोक वेगळं बोलतात? पण त्या शहाण्याकडे दोनच डबे — एक घाबरलेल्यांचा, एक डोकं फिरवलेल्यांचा. शेताची गोष्ट निघाली की हे गोरे साहेब घड्याळ बघायचे! मला नाही विचारलं, उस्मान, चोवीस वर्षं तू बहारीनमध्ये, मत कुठे टाकतोस? एकदाही नाही टाकलं, बाई. पण मी इंडियन ना — माझ्या जन्मदाखल्यावरच लोकशाहीचा शिक्का!

तिसऱ्यांदा त्यानं तेच विचारलं — ती मोकळेपणी बोलू शकते का? लिनबाई वैतागून गिऱ्हाइकाकडे वळली. तो माझ्याकडे बघत राहिला. आधी म्हणाला होता, तू फार हुशार आहेस, तुला आतलं कळतं. आता एवढा मोठा माणूस हुशार म्हणतो म्हटल्यावर — काय? हो. व्हिडिओतला तो आवाज माझाच आहे. ‘शी कान्ट से, सर.’ मला म्हणायचं होतं की ती आत्ता बोलत नाहीये — नाही, खोटं कशाला बोलू. त्याला काय हवंय ते मला कळत होतं. दिलं.

तेच वाक्य त्यानं मथळ्याला लावलं. तो व्हिडिओ बघून तिच्या भावानं गावाहून फोन करून संबंध तोडले, परक्यांपुढे देशाची, घराण्याची अब्रू घालवलीस म्हणून. तिनं मला विचारलं, मी असं कधी म्हटलं? मी म्हटलं, चॅनलवाले खोटारडे. विश्वास ठेवला तिनं! चॅनलला तक्रार लिहिली — आणि उत्तरात त्यांनी अख्खी मुलाखत पाठवली, शब्दन्‌शब्द, कोण काय बोललं त्यासकट. ते कागद घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, ‘उस्मान, तुला तर कळलं होतं ना?’ मी किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि निघालो. तेव्हापासून इथे, उम्म अल हस्सममध्ये, मी आणि हे शिलाईचं मशीन.

तो गोरा गाढव होता, त्याला कळलंच नाही, त्याचं काय एवढं! पण मी —

असं काय बघताय? जा तुम्ही. नमाजाची वेळ झाली, मला शटर ओढायचंय. जा म्हणतो ना.