आधी चहा, मग दुखणं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय सदाशिवराव, मंचावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप देतोय त्या डॉक्टर सुरभीताई, आणि राळेगावच्या व आमच्या तांड्याच्या बंधुभगिनींनो, उत्तमसिंग राठोडचा रामराम.

दोन शब्द बोला म्हणाले. माईक मिळाल्यावर दोन शब्दांवर थांबलेला माणूस कोणी पाहिलाय काय?

ताई आल्या संशोधनासाठी. म्हातारपणातली जुनी दुखणी, उदास मन, विसरभोळेपणा. माझीही स्मरणशक्ती तपासली. उत्तम निघाली, फक्त चष्मा तिथंच विसरून आलो.

दुखण्याचा प्रश्न सोपा होता: दहापैकी किती? चारच्या वर असेल त्यालाच उपचारात घ्यायचं. अन् अख्खा तांडा म्हणाला, दोन! आमच्या घरची लालीबाई दुखण्यापायी अंगणाबाहेर पडणं विसरली होती, तीही म्हणे दोन. झालं, तिचं नाव वगळलं.

ताई निघाल्या. पाहुण्याला दारापर्यंत पोचवायची आमची रीत. लालीबाई खाटेवरून उठायला गेली, तर उठवेचना. ताई परत बसल्या.

"मावशी, हे दोन आहे?"

"अवं बाई, तू उनातानाची आली. पाहुण्याच्या ताटात कोणी दुखणं वाढते काय?"

ताई उठल्या, थेट चुलीपाशी गेल्या, चहा केला अन् कप लालीबाईच्या हातात दिला. "आता पाहुणी कोण? सांगा."

लालीबाई म्हणाली, "नऊ." मग डोळ्याला पदर लावला. "पोरगा पुण्याले गेला तसं मनच लागत नाही वं. जगावंच वाटत नाही." इतक्या वर्षांच्या संसारात हे मी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून ताईंनी कामाची पद्धतच बदलली. घरोघरी आधी स्वतः चहा करायचा, मग प्रश्न. चहा त्यांचा बेताचाच, पण आकडे खरे यायला लागले.

मग औषधं, व्यायाम, बायांची बैठक. अभ्यासाचा निकाल अजून यायचा आहे, ताई म्हणतात घाई नको. मान्य! पण लालीबाई आज एसटी स्टँडवरून पायी आली, दुसऱ्या रांगेत बसली आहे, हे सांगायला मी कोणाची वाट पाहणार नाही.

ताई, तुमच्या जाण्यानं तांडा सुना होईल. तुमचे, अध्यक्षांचे, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर आपलं माणूस म्हणून पोटात घाला.

लालीबाई, कसं झालं वं भाषण? दहापैकी?

पाहा मंडळी, भरसभेत नवऱ्याले चार बोटं दाखवून राह्यली! खरं बोलाले शिकली बाई. टाळ्या वाजवा, पण मले नाही, तिले.