डॉक्टर धुळ्याला निघण्यापूर्वी

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते डॉक्टर मोतीलाल, व्यासपीठावरील मान्यवर मंडळी आणि बंधुभगिनींनो,

बोलणं मला जमत नाही. मी जिनातला कारकून. दिवसभर कापसाच्या गासड्यांवर नंबर घालतो. पण पिंप्राळ्याची मंडळी म्हणाली, "जीवरामभाऊ, डॉक्टरांविषयी तुम्हीच बोला." का, ते आपणास ठाऊक आहे.

डॉक्टरांच्या सेवेचं वर्णन आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. मी माझ्या घरचं तेवढं सांगतो. माझी पुष्पा थोडी चालली की मध्येच उकिडवी बसायची. ओठ जांभळे पडायचे. गल्लीतल्या बाया हसायच्या, "बसल्या पाटलीणबाई, सभा भरवून!" बसण्याची खोड लागेल म्हणून माझी आई तिला दंडाला धरून उठवायची. आम्ही सगळेच उठवायचो.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "तिला उठवू नका. बसल्यावर तिला श्वास पुरतो. हृदय जन्मापासूनच अधू आहे. यावर औषध नाही." औषध नाही, असं तोंडावर सांगणारा डॉक्टर आपल्यापैकी किती जणांनी पाहिला असेल? त्यानंतर पुष्पा वाटेल तिथं बसली. पाचवं लागलं आणि ती गेली.

मग चिंधा झाला. सुपात घालून शेजारच्या भागाबाईंना दिला, ओंजळभर दादर ज्वारी देऊन परत घेतला. आधीचं मूल गेलं की आपल्याकडची रीतच ती. पण आईनं त्याला दवाखान्याची पायरी चढू दिली नाही. "पहिलीले नयी लाई नि ती गयी. याले लावानी नही." नळी लावली म्हणूनच पुष्पा गेली, असं तिच्या मनानं घेतलेलं. म्हातारीशी वाद कोण घालणार? आणि खरं म्हणजे, डॉक्टर काय सांगतील याचं भय मलाही होतंच.

परवा चिंधा अंगणात चालता चालता उकिडवा बसला. सगळीच मुलं बसतात. पण मी, माझी पत्नी, आई, कुणीच त्याला उठवलं नाही.

उद्यापासून डॉक्टर धुळ्यातल्या देवपूरच्या लोकांना लाभतील. या लढाईच्या दिवसांत इथं दुसरे कधी येतील, सांगता येत नाही. डॉक्टर, गाडीला अजून अवकाश आहे. जाण्यापूर्वी एकवार त्याला नळी लावा. जे असेल ते मागच्यासारखंच स्पष्ट सांगा.

निरोपाच्या समारंभात असं मागणं शोभत नाही, हे मला कळतं. अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. बोलू दिलंत, आभारी आहे.

डॉक्टर, चिंधा मागच्या दाराशी आहे. माझ्या आईच्याच कडेवर.