देखणा, न्यायी नव्हे

"हॅलो?… हौ, त्रिवेणीच… बोल, अश्विनी."

आवाज ओळखताच त्रिवेणीनं फोनजवळची खुर्ची ओढली, पण बसली नाही. बाहेरच्या खोलीत सासरे, एकनाथराव, पेपर वाचत होते. तिनं आवाज खाली ठेवला.

"कळलं… मंगलानं सांगितलं. चिक्कडपल्लीला भाजी घेताना भेटली… हौ, अभिनंदन… अगं नाही, रडत नाही. सर्दी आहे."

दोघी एकाच मराठी शाळेत शिकवायच्या. तिथले वर्ग ओस पडत चालले होते. शहरात नव्या कंपन्या आल्या, त्यांच्या साहेबलोकांच्या मुलांसाठी गावाबाहेर मोठी इंग्रजी शाळा निघाली, आणि तिथल्या इतिहासाच्या एका जागेसाठी दोघींनी एकमेकींना सांगूनसवरून अर्ज केले. तिसरा अर्ज मंगलाचा होता. त्रिवेणीला नोकरीची निकड होती. नवरा, शिवराज, ज्या सरकारी कारखान्यात होता तिथं माणसं घरी बसवायला सुरुवात झाली होती. रविवारी ती बरकतपुऱ्याहून विद्यानगरला अश्विनीकडे जायची. इतिहास त्रिवेणीनं समजावायचा, पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या अश्विनीनं तिचं इंग्रजी घोटून घ्यायचं. निवडीसाठी घ्यायचा नमुना पाठ तिघींना एकच दिला होता: फ्रान्सचा राजा चौथा फिलिप.

"काय?… सोमवारपासून वर्ग?… मग घे ना… मी येऊ? ह्या रविवारी?… धर्मयुद्धांचं तुला काही समजत नाही. हौ, ते माहितै मला… हो, हो… अगं ऐक ना. थांब जरा."

त्रिवेणीनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"त्या राजाचं नाव इंग्रजीत कसं घ्यायचं, मी तुला विचारलं होतं… 'फिलिप द फेअर.' बरोबर. फ्रेंच उच्चार करायला जाऊ नकोस म्हणालीस, तेही बरोबर. आणि फेअर म्हणजे?… बोल ना… न्यायी. न्यायी सांगितलंस तू. मी म्हटलंसुद्धा, खोटी नाणी पाडणारा, माणसं जाळणारा हा राजा न्यायी कसा गं? तू म्हणालीस, राजांना म्हणतातच तसं."

शुक्रवारी त्रिवेणीनं नव्या शाळेत तेच शिकवलं. समोर बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी हसू दाबत सांगितलं, की इथं फेअर म्हणजे देखणा. त्यानंतर जीभ जी अडखळली ती पाठ संपेपर्यंत सरळ झाली नाही. दुसऱ्या दिवशी अश्विनीचा पाठ झाला, मंगलाचाही. देखणा राजा आणि त्याची काळी कृत्यं, असा अश्विनीनं पाठ रंगवला, आणि सगळे खूश झाले.

"हौ, मला शिकवलंस तेव्हा तुलाही ठाऊक नव्हतं. मान्य… त्याचा राग नाहीच… मग कळलं कधी?… शनिवारी? मंगला तर वेगळंच म्हणाली. पाठ झाल्यावर चहा घेताना तूच बोललीस म्हणे तिच्याशी. निखिलनं गुरुवारी संध्याकाळी डिक्शनरी उघडून दाखवलं म्हणून."

निखिल म्हणजे अश्विनीचा नवरा.

"हॅलो?… आहेस ना?… गुरुवारी, अश्विनी. माझा पाठ शुक्रवारी होता… तुझ्या घरी फोन, माझ्या घरी फोन… गडबडीत होतीस? पाहुणे होते?… बरं. मग विसरलीस का? एवढंच सांग."

हो म्हण, त्रिवेणी मनात म्हणत होती. विसरले म्हण, मी मानून घेते. रविवारी येते, तुझी धर्मयुद्धं शिकवते, आपण पुन्हा पोहे करून खाऊ.

"काय?… ऐकू नाही आलं… फोन उचलला होतास? मग… अर्धा नंबर फिरवलास… आणि?"

आता ती खुर्चीत बसली.

"आणि ठेवून दिलास."

बाहेर एकनाथरावांनी कोण आहे म्हणून विचारलं. तिनं दाराकडे पाठ केली. अश्विनी रडत रडत सांगत होती, की तिलाही जागा हवी होती, की त्रिवेणीचा इतिहास इतका पक्का होता की त्या एका शब्दाशिवाय तिच्यापुढे टिकणं शक्यच नव्हतं.

"हौ… समजलं… नाही, शाळेत कुणाला सांगणार नाही. मंगलालाही नाही… ती नोकरी तुझीच. नीट कर… रविवारी? नाही. विसरली असतीस तर आले असते."

तिनं रिसीव्हर खाली ठेवला. हात अजून त्यावरच होता, तोच घंटा वाजायला लागली. तळव्याखाली ती थरथर तिला जाणवत राहिली. वाजायची थांबेपर्यंत तिनं हात काढला नाही.