साठ मीटरवरची तहान

सिस्टर: काका, सकाळपासून तुम्ही चार ग्लास पाणी प्यायलात, असं या तक्त्यावर मी स्वतःच्या हातानं लिहिलंय. मग ही फरशी ओली कशी?

बाबा: झाडाला थोडं घातलं. सुकलं होतं बिचारं.

मुलगी: बाबा, ते झाड प्लॅस्टिकचं आहे.

बाबा: तरीच. दोन दिवसांत एक पान फुटलं नाही.

सिस्टर: तुम्ही पाणी पिणार म्हणून सलाईन काढलं. नाही प्यायलात तर परत सुई.

बाबा: अहो, पण मला तहानच नाही! तहान नसताना पाणी पिणं म्हणजे न बोलावता लग्नाला जाणं.

मुलगी: परवा क्रेनवरून उतरताना शेवटच्या पायरीवर कोसळलात, तेव्हाही नव्हती?

बाबा: नव्हती. आणि वरच्या दोनशे पायऱ्या नीट उतरलो, ते कुणीच लिहून घेत नाही.

सिस्टर: काका, अंगातलं पाणी कमी झालं की रक्त खारट व्हायला लागतं. मेंदूला ते कळतं. मग तो तोंड कोरडं पाडतो, म्हणजे माणूस पाण्याकडे वळतो. एवढंच काम असतं तहानेचं. पण वय झालं की ती मंदावते. त्यात तुम्ही तिला दाबत आलात.

बाबा: दाबली नाही. सकाळी चढायच्या आधी एक घोट, संध्याकाळी उतरल्यावर तांब्याभर. शिस्त म्हणतात त्याला.

सिस्टर: मधले दहा तास?

बाबा: साठ मीटरवर संडास नसतो, सिस्टर.

सिस्टर: बाकीचे ड्रायव्हर बाटली नेतात म्हणे. रिकामी.

बाबा: माझी केबिन चारी बाजूंनी काचेची. समोरच्या इमारतीत शिवणाचा वर्ग चालतो. बारा बायका. रोज मला हात करतात.

मुलगी: आणि तुम्ही?

बाबा: मीही करतो. दोन्ही हात दिसायला हवेत ना.

मुलगी: बरं, मला एक सांगा. खालून इशारा देणारा माणूस ‘थांबा’ म्हणाला तर?

बाबा: थांबतो. का म्हणून विचारत नाही. वरून मला काय दिसतंय? त्याला दिसतं.

मुलगी: तहान म्हणजे तोच खालचा माणूस. बावीस वर्षं ओरडत होता.

बाबा: मग आता का गप्प आहे?

मुलगी: घसा बसला त्याचा. आता त्याच्या जागी मी. दर तासाला एक ग्लास. कारण विचारायचं नाही.

बाबा: तुझी आई असंच फसवून औषध पाजायची.

सिस्टर: आणि परत क्रेनवर चढायचा कागद हवा असेल, तर डॉक्टर आधी लघवीचा रंग बघणार. काल चहासारखा होता.

बाबा: दुधाचा की कोरा?

सिस्टर: काका, तुमची किडनी थोडक्यात वाचलीये.

बाबा: ...सही नाहीच करणार का ते?

सिस्टर: पाणी प्यायलात तर करतील. वर गेल्यावरही प्यायचं, या अटीवर.

बाबा: आणि वर असताना लागली म्हणजे?

मुलगी: उतरायचं.

बाबा: अगं, उतरायला वीस मिनिटं, चढायला तीस. तोवर खाली सत्तर माणसं हातावर हात ठेवून बसणार. सगळं काम थांबतं.

मुलगी: थांबू दे.

बाबा: काय?

मुलगी: थांबू दे की. माझ्या बाबांना लघवीला जायचंय. थांबतील सत्तर माणसं.

(बाबा रिकामा ग्लास पुढे सरकवतात.)

बाबा: बावीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं गं.

सिस्टर: काका, ग्लास भरू?

बाबा: भरा. काठोकाठ नको. परत फरशी ओली व्हायची.