पानं मांडलीत

“अहो, पानं मांडलीत, उठा आता!” हिची ही हाक मी जन्मभर ऐकली. ही गेल्यावर ती फक्त आमच्या सतीशच्या लग्नाच्या सीडीत उरली. रत्नागिरीला त्याच्याकडे कॉम्प्युटर होता, त्यावर मी ती लावायला सांगायचो. पण त्याआधी सतीशच्या मेव्हण्याचा आख्खा नाच बघावा लागे.

एकदा म्हटलं, “दमला असेल रे तो, बसव की त्याला.”

सतीश हसला. “बाबा, यात सुरुवात आणि शेवट ठरवून देता येतो. तेवढंच लागेल.”

त्याने तसं केलं. हिने हाक मारली आणि चित्र थांबलं.

“शेवट जरा पुढे ने,” मी म्हटलं.

“पुढे काय नाय बाबा. आई नुसती पाठ फिरवून आत जाते.”

“मग जाऊ दे की तिला. वाटेत कशाला अडवतोस?”

त्याने शेवट पुढे नेला. हिने हाक मारली, पदर खोचला आणि मांडवातून सावकाश घरात गेली.

सतीश उठला आणि बाहेर घरापुढच्या खळ्यात निघून गेला.