रजिस्टरातला जखमी

मी दर सोमवारी दवाखान्यात जाऊन मयतांची यादी मागतो, म्हणून तुमी हसता ना? चहा घ्या आन् ऐका.

पोलीस ठाण्यात अपघाताचं रजिस्टर मीच लिहितो. मागं एक मेंढरंवाली बाई आली. सोनपेठ रोडच्या वळणावर तिच्या नवऱ्याला टेम्पोनं उडवलं होतं. म्हणली, "साहेब, तिथं ब्रेकर टाकायला लावा."

मी रजिस्टर चाळलं. "ताई, त्या वळणावर एकबी मयत न्हाई. मयत असल्याशिवाय वर कुणी ऐकत न्हाई."

"आन् माझा मालक?"

मी नावावर बोट ठेवलं. "ह्ये बघा. जखमी."

"मोठ्या दवाखान्यात नवव्या दिवशी गेला की त्यो!"

दवाखान्यानं आमाला कळवलं नव्हतं, आन् मीबी कधी इचारलं नव्हतं. तरी माझी अक्कल बघा. म्हणलो, "आसंल, पण आमच्याकडं जखमीच हाय."

बाईनं आवाज चढवला न्हाई. रजिस्टराकडं बघतच म्हणली, "जखमीच हाय म्हणता, तर मंग घरी कवा यील, तेवढं सांगा."